आफ्रिकन ग्रे पोपटाची नोंदणी: अर्ज कुठे अडतो आणि पिल्लू आणण्याआधी कोणते कागद मागून घ्यायचे

आफ्रिकन ग्रेचं पिल्लू घरी येऊन दोन-तीन महिने झालेले असतात, तेव्हा माणसं माझ्याकडे येतात. मोबाइलमध्ये पोपटाचे शंभर फोटो असतात आणि कागद म्हणून वहीच्या पानावर लिहिलेली एक पावती. गोव्यात म्हापशाला मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम करते आणि माझ्या स्वतःच्या घरी एक ग्रे आहे, त्यामुळे ही प्रकरणं फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतात. परत आलेले अर्ज मी पाहिलेत. पोर्टलवर चुकीचं बटण दाबल्यामुळे अर्ज अडला, असं क्वचितच होतं. अर्ज बिघडतो तो पिल्लू घेतलं त्या दिवशी, विक्रेत्याच्या दारात. म्हणून ज्यांनी अजून पिल्लू आणलेलं नाही, त्यांनी हे आधी वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नोंदणी कोणाला लागते

आफ्रिकन ग्रे परदेशी पक्षी आहे, तो पाळायला आपल्याकडे बंदी नाही. पण ‘बंदी नाही’ याचा अर्थ लोक ‘काहीच करायला नको’ असा घेतात, आणि तिथेच फसतात. जंगलातून होणाऱ्या पकडीमुळे हा पोपट धोक्यात आला, म्हणून २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत त्याला ‘साइटीस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये टाकलं गेलं, आणि २ जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं. आपल्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने साइटीसच्या जाती अनुसूची ४ मध्ये आणल्या. त्याच दुरुस्तीतल्या कलम ४९-एम नुसार अशा जातीचा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाने त्याची नोंदणी करायची आहे. नोंदणी कशी करायची याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले.

प्रत्येकाने म्हणजे खरोखर प्रत्येकाने. एकच पक्षी असला तरी, विकायचा नसला तरी, कोणी भेट दिलेला असला तरी. दुकान किंवा पैदास केंद्र चालवणाऱ्यांचे परवाने वेगळे; ही नोंदणी घरात पाळणाऱ्यालाही लागते.

आपला हिरवा कीर मात्र यात बसत नाही. तो देशी वन्यजीव आहे, तो पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा. ‘ग्रेबरोबर त्याचीही नोंदणी करून टाक गो’ असं सांगणारे भेटतात. तशी सोय नाही.

आखातातून येणाऱ्यांना एक विनवणी. प्रवाशाच्या सामानाबरोबर पाळीव प्राणी म्हणून फक्त कुत्रं-मांजर आणता येतं, तेही अटींवर. पोपटाच्या आयातीला साइटीसची परवानगी, विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि क्वारंटाइन लागतं. तिकडच्या दुकानातली पावती दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उपयोगी पडत नाही. त्यात पक्षी जप्त होतो आणि हाल त्या जिवाचे होतात.

तीस दिवस कुठून मोजायचे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. नियम लागू झाले तेव्हा ज्यांच्याकडे आधीपासून पक्षी होते त्यांना सहा महिने दिले होते; ती मुदत ऑगस्ट २०२४ अखेरीस संपली. त्यानंतर आणलेल्या पक्ष्यासाठी ताबा मिळाल्यापासून तीस दिवस. लोक बातमीतले ‘सहा महिने’ लक्षात ठेवतात आणि आजही तेच सांगत येतात. तुम्ही पिल्लू काल आणलं असेल तर सहा महिने विसरा.

आता ताबा म्हणजे काय ते बघा. पैदास करणारा पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असताना आगाऊ रक्कम घेतो. पिल्लू स्वतःचं स्वतः खायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते चार महिन्यांचं होईपर्यंत, ते त्याच्याकडेच असतं, आणि तसंच असायला हवं. मग तो पिल्लू देतो, पण पावती मात्र आगाऊ रकमेच्या तारखेची असते. अर्जाला तीच पावती जोडली की कागदावर पक्षी अडीच महिने आधीच तुमच्या ताब्यात आलेला आणि मुदत उलटलेली दिसते. ताळगावच्या एका बाईंचं नेमकं हेच झालं. पक्षी घरी येऊन अकरा दिवस झाले होते, त्यांची काहीच चूक नव्हती, तरी पावतीवरची तारीख आडवी आली. अखेर विक्रेत्याकडून ‘अमुक रिंग क्रमांकाचं पिल्लू अमुक तारखेला ताब्यात दिलं’ असं सहीशिक्क्याचं पत्र आणवलं, तेव्हा प्रकरण पुढे सरकलं. असं पत्र पिल्लू घेतानाच मागा. नंतर विक्रेता फोन उचलत नाही.

दुसरी एक चूक यातूनच होते. पैसे दिले आहेत म्हणून काही जण दोन महिन्यांचं, अजून हाताने भरवायला लागणारं पिल्लूच उचलून आणतात. त्याचं खाणं ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम लागतं. थंड झालं तर ते गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत साचतं, जास्त गरम झालं तर ती पिशवी आतून भाजते. सवय नसलेल्या माणसाच्या हातून हे फार सहज घडतं. नोंदणीच्या तीस दिवसांत पिल्लू दगावलेली घरं मी पाहिली आहेत. ‘हाताने भरवलं की माया लागते’ असं विक्रेता सांगेल. माया चार महिन्यांच्या पिल्लालाही लागते; त्याला धीराने वाढू द्या.

रिंग

कागदपत्रांत जिच्यावर सगळं उभं असतं ती पायातली बंद रिंग. पिल्लू लहान असताना, पाऊल अजून बारीक असताना ती सरकवतात. पाऊल वाढलं की ती निघत नाही आणि मोठ्या पक्ष्याला घालताही येत नाही. म्हणून बंद रिंग असली की पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला आहे असं मानायला आधार मिळतो. तिच्यावर बहुधा सालाचे शेवटचे दोन अंक, पैदास करणाऱ्याची अक्षरं आणि अनुक्रमांक असतो. चिरलेली, जोड दिसणारी रिंग नंतर कधीही घालता येते, तिचा तसा आधार नाही.

घेताना तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. रिंग अखंड आहे का, ती पायावरून निघण्याइतकी सैल आहे का, आणि तिच्यावरचं साल पिल्लाच्या डोळ्यांशी जुळतं का. पिल्लाचे डोळे काळपट असतात, मग राखाडी होतात, आणि फिकट पिवळे व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. रिंग यंदाची आणि डोळे पिवळेधमक असतील, तर दुसऱ्या पक्ष्याची रिंग वापरली असण्याची शक्यता आहे. तो सौदा सोडून द्या.

रिंगचा फोटो काढणं हे एक वेगळंच काम. माझ्या चिकूचा फोटो मला चौथ्या दिवशी मिळाला. पोपट पाय आत ओढतो, मोबाइलला चोच मारतो, आणि अक्षरं असतात मुगाच्या दाण्याएवढी. सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, तो एका पायावर डुलकी काढत असताना दुसऱ्या कोणाला तरी झूम करून फोटो घ्यायला सांगा. रिंग फिरते, म्हणून दोन-तीन बाजूंनी घ्या. मग क्रमांक कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. शून्य की ‘ओ’, एक की ‘आय’, यावर अर्ज परत आलेले आहेत. पावती, डीएनए अहवाल, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि अर्ज या चारही ठिकाणी तोच क्रमांक, त्याच क्रमाने हवा.

विक्रेत्याकडून काय घ्यायचं

ग्रे परिशिष्ट १ मध्ये असल्यामुळे त्याची पैदास करणाऱ्याला कलम ४९-एन खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. त्या परवान्याची प्रत मागा. दुकानातून घेत असाल तर पेट शॉपच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. तिचीही प्रत घ्या. ‘मॅडम, कागद कुरिअरने पाठवतो’ हे वाक्य ऐकलं की पिल्लू न घेता परत फिरा. कागद आणि पिल्लू एकाच वेळी हातात आले पाहिजेत. इतका सुंदर जीव पिंजऱ्याच्या जाळीतून तुमच्याकडे बघत असताना परत फिरणं किती अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते.

पावतीवर नुसतं ‘पोपट, १ नग’ चालत नाही. शास्त्रीय नाव हवं. लालभडक शेपटीचा, काळ्या चोचीचा काँगो ग्रे म्हणजे सिट्टॅकस एरिथॅकस. शेपूट काळपट तांबडी आणि वरची चोच फिकट असेल तर तो टिमने. एकाच्या पावतीवर दुसऱ्याचा फोटो गेला तर प्रश्न येणारच.

नर की मादी हे ग्रेमध्ये नुसतं बघून कळत नाही. विक्रेता छातीठोकपणे ‘नर आहे, जास्त बोलेल’ म्हणतो, ते अर्जात लिहू नका. डीएनए अहवाल असेल तर त्याप्रमाणे लिहा, नसेल तर माहीत नाही असं प्रामाणिकपणे लिहा. चाचणीला खाली गळलेलं पीस पाठवण्यात अर्थ नसतो. नुकतं काढलेलं, मुळासकट पीस किंवा रक्ताचा थेंब लागतो, आणि ते काम डॉक्टरांकडूनच करून घ्यावं.

पत्त्याचा घोळ

हा खास आपल्याकडचा. आधार कार्डावर वाळपईच्या घराचा पत्ता, नोकरी पणजीत, पक्षी भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि पावती नवऱ्याच्या नावावर. अशा अर्जात पक्षी नेमका कोणाचा आणि राहतो कुठे हेच कळत नाही. पक्षी जिथे राहतो तो पत्ता द्या. भाड्याचं घर असेल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार जोडा. जुन्या घरांत घरपट्टी अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येते. तिथे ती पावती जोडून भागत नाही, पंचायतीचा किंवा मामलेदारांचा रहिवासी दाखला काढून ठेवा. आणि पावती ज्याच्या नावाची, अर्जदार तोच. घरात आधी ठरवा, मग पैसे द्या.

इतकं हाताशी असलं की पोर्टलचं काम अर्ध्या तासाचं आहे. केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर लॉगिन करायचं, माहिती भरायची, कागद चढवायचे, शुल्क तिथेच ऑनलाइन भरायचं आणि अर्ज क्रमांक जपून ठेवायचा. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. आपल्या वन खात्याचं मुख्यालय पणजीत आल्तिनोला वन भवनात आहे. ‘सबमिट झालं’ म्हणजे नोंदणी झाली असं समजून लोक बिनधास्त होतात. नंतर शंका विचारली जाते, तिचं उत्तर पोर्टलवरच द्यायचं असतं, आणि कोणी बघतच नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करा. साध्या घरगुती माणसाला एका पक्ष्यासाठी इतकी दगदग का, असा राग मलाही येतो. निदान शंका मराठीत, कळेल अशा भाषेत तरी विचारावी.

पडताळणीसाठी अधिकारी घरी येऊ शकतात. पक्षी खांद्यावर घेऊन दार उघडू नका. लहान ग्रे अनोळखी माणसाला घाबरतो आणि वर पंखा चालू असतो. तो पिंजऱ्यात असू द्या. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब हवा, कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानेच पोपट मरतो. पावसाळ्यात भिंतीच्या ओलीपासूनही दूर ठेवा आणि दमट शेंगदाणे देऊ नका, त्यांना बुरशी धरते.

ज्यांची मुदत गेली आहे

२०२० साली केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली होती. त्या वेळचं पत्र ज्यांच्याकडे आहे ते सांगतात, आमचं झालंय. ते पत्र जुन्या ताब्याचा चांगला पुरावा आहे, पण ४९-एम ची नोंदणी म्हणजे ते नव्हे. अर्जाला ते जोडा आणि नोंदणी करा.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी पक्षी लपवू नये. मागची तारीख घालून पावती बनवून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. उशीर आहे तोवर तो उशीरच असतो, खोटा कागद आला की फौजदारी होते. पक्षी कधी, कुठून आला हे खरं लिहून, जुने तारखेचे फोटो आणि डॉक्टरांचे कागद घेऊन वन भवनात जा आणि लेखी विचारा. पोच घ्या. घाबरून त्याला सोडून तर मुळीच देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या ग्रेला कावळे आणि घारी दिवसभरही जगू देणार नाहीत.

नंतरचं

ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो, म्हणजे पुष्कळदा मालकाच्या पश्चातही. पक्षी दुसऱ्याकडे गेला, अगदी भावाकडे गेला तरी, देणाऱ्याने हस्तांतर कळवायचं आणि घेणाऱ्याने आपल्या नावाने नोंदणी करायची. घरात जोडी असेल आणि पिल्लं झाली तर तेही कळवावं लागतं; ठरवून पैदास करायची असेल तर आधी परवाना.

पक्षी गेला तरी कळवायचं असतं. त्या दुःखात कोणाला सुचत नाही, परसात पुरून मोकळे होतात, आणि कागदावर तो जिवंत राहतो. शवविच्छेदन करून घ्यावं. डॉक्टर लगेच मिळाले नाहीत तर मऊ कापडात आणि पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गोठलं की तपासणी नीट होत नाही. पायातली रिंग काढू नका.