सचिवालय आणि संचालनालय: सही कुणाची, सत्ता कुणाची

गोव्यात सरकारी काम अडलं की पहिला सल्ला ठरलेला: "पर्वरीला जा, वरून फोन आल्याशिवाय खालचे हलायचे नाहीत." हा सल्ला देणारा धरूनच चालतो की पर्वरीतलं सचिवालय म्हणजे मोठी कचेरी आणि संचालनालय म्हणजे तिच्या हाताखालची छोटी. महाराष्ट्रात हा गोंधळ जरा कमी होतो. मंत्रालय मुंबईत आणि साखर, कृषी, शिक्षण यांची आयुक्तालयं पुण्यात, त्यामुळे फरक एसटीच्या तिकिटावरच कळतो. आपल्याकडे पर्वरी आणि पणजी यांच्या मधे फक्त मांडवी नदी आहे, आणि तिचाही भरवसा नाही. आरोग्य संचालनालय कांपालला, कृषी टोंक-करंजाळ्याला, लेखा संचालनालय पणजीत जुन्या फाझेंदा इमारतीत, पण शिक्षण संचालनालय पुन्हा पर्वरीतच.

तर फरक कामाचा आहे. सचिवालय मंत्र्यांच्या वतीने ठरवतं: धोरण काय, नियम बदलायचा का, नवं पद द्यायचं का, नवा पैसा कुठून. संचालनालय ठरलेलं चालवतं: शाळा, दवाखाने, बदल्या, बिलं, तपासण्या. हे उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर आदेशाचं शेवटचं पान उलटा. राज्यघटनेच्या १६६व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, म्हणून सरकारी आदेशाखाली "गोव्याच्या राज्यपालांच्या आदेशावरून व नावाने" अशा अर्थाची ओळ असते आणि तिच्याखाली बऱ्याचदा एखाद्या अवर सचिवाची, म्हणजे सचिवालयातल्या खालच्या पायरीवरच्या अधिकाऱ्याची सही. संचालक त्या अवर सचिवाहून पदाने, पगाराने, अनुभवाने मोठे असतील. पण त्यांच्या परिपत्रकाखाली ती ओळ नसते. तिथे त्यांची सही ही त्यांचीच सही. अवर सचिवाची सही मात्र सरकारची.

समजा, सत्तरीतल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक कमी पडतो. पालक-शिक्षक संघ निवेदन लिहितो, आमदारांना पुढे घालून मंत्र्यांना भेटतो. मंत्री निवेदनाच्या कोपऱ्यात "प्लीज एग्झामिन" लिहून सही करतात. मंडळी खूश, फोटो व्हॉट्सॲपवर. पण तो आदेश नव्हे. "बघा जरा" एवढाच त्याचा अर्थ. निवेदनाला सचिवालयात आवक क्रमांक पडतो, एक टिपणी जोडली जाते आणि कागद संचालनालयाकडे येतो. तिथून तो भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, "अहवाल द्यावा" म्हणून. म्हणजे सगळा फेरा मारून कागद आला तो सत्तरीतल्या वाळपईलाच. तिथे तो पहिल्याच दिवशी देता आला असता.

आता भागशिक्षणाधिकारी काय बघणार? पद मंजूर आहे का. मंजूर असून रिकामं असेल, तर दुसऱ्या शाळेतला शिक्षक इकडे पाठवणं हे संचालनालयाच्या हातातलं काम. सचिवालयाने त्यात पडायचं कारण नाही. पदच मंजूर नसेल तर गोष्ट पार वेगळी. मग संचालनालयात प्रस्ताव तयार होतो: पटसंख्या किती, आजवर किती पदं, वर्षाचा खर्च किती. तो सचिवांकडे जातो, तिथून वित्त खात्याकडे, मग मंत्र्यांकडे. वित्त खात्याने एक शंका काढली की फाईल उलट पावली खाली, उत्तर घेऊन पुन्हा वर. तक्रार एकच, "शिक्षक नाही", पण वाटा दोन. कुठली आपली, हे न विचारताच आपण निवेदन टाइप करायला बसतो.

हे दोन थर ठेवलेत तरी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. आरोग्य संचालक हे डॉक्टर असतात, सार्वजनिक बांधकामाचे मुख्य अभियंते इंजिनियर. त्यांना रोगाची साथ कळते, पुलाचा पाया कळतो. वरचे सचिव बहुतेक आयएएस. गोव्याचं केडर अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांसोबतचं, त्यामुळे आजचे सचिव परवा ऐझॉलला किंवा दिल्लीला असू शकतात. संचालनालयातल्यांचं म्हणणं: यांना आमच्या कामातलं काय कळतं? सचिवालयाचं म्हणणं: यांना आपल्या खात्यापलीकडचं काय दिसतं? मला दोन्ही बाजू पटतात. डॉक्टरला यंत्र हवंच असतं. ते घेतल्यावर दुसऱ्या कुठल्या खात्याचा पैसा आटेल, हे कुणीतरी विचारायला हवं. वैताग येतो तो तीच टिपणी खाली एकदा आणि वर पुन्हा लिहिली जाते तेव्हा.

त्यावर आपल्या लहान राज्याने एक तोड काढली आहे, आणि गोंधळ वाढवला आहे तोही तिनेच. कित्येक संचालक हे पदसिद्ध, म्हणजे त्या पदामुळे आपोआप, संयुक्त सचिवही असतात. मुख्य अभियंत्यांना पदसिद्ध अतिरिक्त सचिव केलेलं असतं. प्रस्ताव ते संचालक म्हणून मांडतात, फाईल थेट सचिवांकडे जाते, मंजुरी आली की सरकारी आदेशावर संयुक्त सचिव म्हणून सही त्यांचीच. गुरुवारी निघणारं गोवा राजपत्र चाळलं तर अशा दुहेरी पदांच्या सह्या सापडतील. मधली टेबलं टळतात, हे खरं. पण प्रस्ताव नव्या नजरेने वाचणारा एक माणूसही कमी होतो, आणि माझ्या मते ही बचत दर वेळी परवडणारी नसते.

तिसरीही एक भानगड आहे. कधी कायदाच अधिकार थेट एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती देतो. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, नोंदणीचं उदाहरण घ्या. १९७५च्या मुंडकार कायद्याने तो निर्णय मामलेदारांवर सोपवला. पर्वरीहून कुणी "लवकर निकाली काढा" म्हणू शकतो, "अमक्याच्या बाजूने काढा" म्हणू शकत नाही. यावरचा गाजलेला खटला मुंबईचा आहे. अंधेरीत सिनेमा थिएटर बांधायला पोलीस आयुक्तांनी १९४७ साली परवानगी दिली आणि दोनेक महिन्यांत कळवलं की सरकारच्या निर्देशावरून ती रद्द होत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली सांगितलं की रद्द करायचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हे. आयुक्तांनी स्वतः काही ठरवलंच नाही, फक्त निरोप पोचवला. म्हणून ते रद्द करणं टिकलं नाही. वरून फोन आणवणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. फोनच्या जोरावर मिळालेला आदेश समोरच्या पक्षकाराचा वकील याच मुद्द्यावर पाडू शकतो.

फाईल कुठे आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज कामी येतो. २००५च्या कायद्यानुसार प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अधिकार आणि निर्णय कसा, कुणाकुणाकडून होतो हे स्वतःहून जाहीर करायचं असतं. आधी ते वाचा. अर्ज चुकून दुसऱ्याच प्राधिकरणाकडे गेला तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायची जबाबदारी त्यांचीच. आणि मागताना नुसतं "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारू नका. टिपणीच्या पानांची प्रत मागा. कुठल्या टेबलावर, कुठल्या तारखेला, कुणाच्या शेऱ्यावर फाईल थांबली, ते त्या पानांवर क्रमाने लिहिलेलं असतं.