सॅच्युरेशन ९८, तरीही श्वास अपुरा

कोविडने आपल्या घराघरांत एक आकडा आणून ठेवला. बोटाला चिमटा लावायचा आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, वाचायची. आता वाडीवस्तीवरच्या आशाताईंकडेही ऑक्सिमीटर असतो. त्यामुळे पेशंटला गाडीत घालून नेताना नातेवाईक फोनवर हमखास सांगतात, "ऑक्सिजन लावलाय, अठ्ठ्याण्णव आहे, काळजी करू नका." पेशंटला न्यूमोनिया असेल तर या निरोपाला बराच अर्थ असतो. पण मण्यार हा विषारी साप चावलेल्या माणसाच्या बाबतीत हाच निरोप सगळ्यांना गाफील ठेवतो. पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातून, चांदोलीकडच्या वाड्यांमधून असे पेशंट येत असतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

श्वासाची कामं दोन. ऑक्सिजन रक्तात पोचवणं हे एक, आणि शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं हे दुसरं. न्यूमोनियात फुप्फुसाचे वायुकोश पाण्याने आणि पूने भरतात, पहिलं काम अडतं आणि सॅच्युरेशन पडतं. तिथे ऑक्सिजन द्यायचा, त्याने भागलं नाही तर दाबाने हवा देऊन मिटलेले वायुकोश उघडे ठेवायचे. मण्यारीच्या विषाने मात्र फुप्फुसाला काहीच होत नाही. हे विष नसांच्या टोकांशी जातं आणि नसेकडून स्नायूला जाणारा निरोप बंद पाडतं. पापण्या जड होतात, एकाच्या जागी दोन दिसतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासपटल व बरगड्यांमधले स्नायू लुळे पडतात. लोहाराची भट्टी शाबूत, कोळसा शाबूत, फक्त भाता ओढणारा हात गळून गेलेला.

आता थोडं गणित. प्रौढ माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. म्हणजे उपयोगाची हवा ३५०. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण ६ लिटर हवा आत-बाहेर होते आणि त्यातली ४.२ लिटर कामी येते. स्नायू थकले की श्वास उथळ होतो. समजा तो २५० मिलिलिटरवर आला आणि ते भरून काढायला पेशंट मिनिटाला २४ श्वास घेऊ लागला. एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. पण दर श्वासातले १५० वायाच जाणार, उरले १००. मिनिटाला फक्त २.४ लिटर! बघणाऱ्याला वाटतं, किती जोरात श्वास घेतोय. प्रत्यक्षात त्याचा उपयोगाचा श्वास जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो.

कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्याचा वेग या उपयोगाच्या हवेवरच ठरतो. रक्तात त्याचा दाब एरवी ४० मिलिमीटर पारा असतो, आपल्या उदाहरणात तो चढत चढत ७० वर जाईल. ऑक्सिजनचं काय होईल? समुद्रसपाटीचे आकडे धरू (सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे ते थोडे कमी येतील). श्वासातली हवा ओलसर झाल्यावर तिच्यात ऑक्सिजनचा दाब सुमारे १५० असतो. वायुकोशातला दाब काढायला त्यातून कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.८ ने भागून वजा करायचा. निरोगी माणसात १५० वजा ५०, उरले १००. आपल्या पेशंटमध्ये १५० वजा ८८, उरले ६२. इतक्या कमी दाबाला सॅच्युरेशन नव्वदीच्या आसपास घसरतं, ऑक्सिमीटर ओरडतो, सगळे जागे होतात.

याच पेशंटला मास्कने ४० टक्के ऑक्सिजन द्या. आता १५० च्या जागी सुमारे २८५ येतात. २८५ वजा ८८ म्हणजे १९७. सॅच्युरेशन थेट ९९! श्वास तेवढाच उथळ, कार्बन डायऑक्साइड तेवढाच ७०, पण चिमट्यावरचा आकडा उत्तम. स्नायू आणखी ढिले पडले तरी बराच वेळ तो उत्तमच राहतो. ऑक्सिजन देऊ नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. सॅच्युरेशन पडलं असेल तर तो द्यायलाच हवा. मात्र तो लावल्यानंतर श्वास पुरेसा आहे का, हे ऑक्सिमीटर सांगत नाही. त्यासाठी धमनीतलं रक्त तपासावं लागतं, किंवा बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो.

ही गोष्ट वैद्यकाला मोठी किंमत मोजून कळली. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओतही श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. ब्लेगडॅम रुग्णालयात सुरुवातीच्या आठवड्यांत श्वासाच्या यंत्रावर ठेवलेल्या ३१ पेशंटपैकी २७ दगावले. पेशंटच्या रक्तात बायकार्बोनेट (कार्बन डायऑक्साइडपासूनच बनणारा क्षार) वाढलेलं दिसे, आणि डॉक्टर त्याला रक्ताचा काहीतरी अनाकलनीय बिघाड समजत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं की पेशंट कार्बन डायऑक्साइड साठून मरत आहेत. २७ ऑगस्टला त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबून माणसं जगवली. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली मानतात.

मण्यारीच्या पेशंटला आजही तेच लागतं, आधी अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, मग नळी आणि व्हेंटिलेटर. घट्ट मास्कने दाबाची हवा देण्याची पद्धत चुलीच्या किंवा विडीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्यांना फार उपयोगी पडते. तिथे सॅच्युरेशनही मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. पण ज्याला लाळही गिळता येत नाही, त्याच्यावर ती वापरली तर लाळ फुप्फुसात जायची भीती.

अँटिव्हेनम (सर्पविषावरचं औषध) लगेच हवंच, सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. पण ते रक्तात फिरणारं विष निकामी करतं, नसेच्या टोकात शिरलेलं बाहेर ओढू शकत नाही. ती टोकं पुन्हा उगवायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्राने द्यायचा.

मला खरा राग आहे तो इथे घडणाऱ्या दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे मांत्रिक. जिवंत नागांच्या पूजेच्या जुन्या परंपरेसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्याच्या परिसरात सापाबद्दल आदर आहे, तो असावाच. पण बिनविषारी सापाने चावलेला माणूस मंत्राशिवायही वाचतो, आणि त्याचं श्रेय मांत्रिकाला मिळतं. मण्यारीचे व्रण तर अनेकदा दिसतही नाहीत, ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पहाटे त्याचं नुसतं पोट दुखतं. दुसरी गोष्ट म्हणजे "मेलेल्याला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात" ही अफवा. मण्यारीच्या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या राहू शकतात, हातपाय हलत नाहीत, माणूस गेल्यासारखा दिसतो. पण त्याचा मेंदू जागा असू शकतो, शेजारचं बोलणं त्याला ऐकू येत असू शकतं. अशा पेशंटला घरी नेण्याची घाई म्हणजे जिवंत माणसाचा श्वास काढून घेणं.

शिराळ्याहून मिरजेचा रस्ता दीड-दोन तासांचा. वाटेत आकड्याकडे बघत बसण्यापेक्षा पेशंटला एक खोल श्वास घेऊन, न थांबता मोठ्याने अंक म्हणायला सांगा, आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा. धडधाकट माणूस सहज वीसच्या पुढे जातो. आकडा पंधराच्या खाली येऊ लागला, मान उशीवरून उचलता येईना, किंवा आवाज नाकात जाऊ लागला, तर सॅच्युरेशन काहीही असो, १०८ च्या डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा. अँबू बॅग त्यांच्या गाडीत असते.