स्कायकोमिशच्या भूजलातलं डिझेल आणि सिलिका जेलची भानगड : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कायकोमिश या रेल्वेच्या गावाचा विषय निघाला की लोक तेलाच्या साफसफाईसाठी घरं उचलून बाजूला ठेवल्याचे फोटो टाकतात, पण ते फार पुढचं झालं. 1893 ला कॅस्केड डोंगरातून रेल्वेलाइन पूर्ण झाली आणि स्टीव्हन्स पासच्या चढाच्या पायथ्याला इथे रेल्वेचं यार्ड उभं राहिलं, गाडीला जादा इंजिन जोडायचं, इंधन भरायचं, दुरुस्ती करायची. आधी कोळसा, मग डांबरासारखं जाड बंकर सी नावाचं इंधन तेल, मग डिझेल. मधे 1929 ते 1956 नव्या बोगद्यातून विजेची इंजिनं चालली, तरी तेल काही सुटलं नाही. इंधन भरणं थांबलं ते 1974 ला. तोवर सांडलेलं सगळं गावाखाली मुरून भूजलावर तरंगत नदीकडे निघालं होतं आणि काठावर तवंग दिसायला लागला होता.

1993 ला राज्याचं पर्यावरण खातं आणि रेल्वे कंपनी यांच्यात तपासणीचा करार झाला, 2001 मधे नदीकडे सरकणारं तेल अडवायला जमिनीखाली भिंत घातली, 2006 ला नदीचा बांधच खणून परत बांधला, आणि 2008 पासून गावात खोदकाम. घरं उचलली, खालची माती काढली, नवा पाया घालून घरं परत ठेवली. गावाला नवी सांडपाणी व्यवस्थाही मिळाली, म्हणजे सेप्टिक टँकचा जुना त्रास डिझेलमुळे सुटला असं म्हणायला हरकत नाही. शाळेची इमारत मात्र जागेवरच ठेवली, तिच्याखालचं तेल गरम करून पातळ करायचं आणि उपसायचं असं ठरलं.

खोदकाम संपलं की मग मॉनिटरिंग, म्हणजे भूजलात तेल किती उरलंय ते मोजत राहणं, आणि ते संपता संपत नाही. बोअरमधे प्रोब, म्हणजे तेल की पाणी ते ओळखणारं उपकरण, सोडायचा, तेल लागलं तर सलग आवाज, पाणी लागलं तर तुटक बीप. तेलाचा थर नसेल तर हळू पंपाने पाणी काढून तपकिरी काचेच्या बाटलीत भरायचं आणि लॅबला पाठवायचं. त्यात बर्फ वितळला की पाण्याची पातळी चढते, नंतर उतरते, आणि तेल मातीत वरखाली फासलं जातं, त्यामुळे एकाच बोअरचा एप्रिलचा आकडा आणि सप्टेंबरचा आकडा जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

खरा वाद लॅबमधे आहे आणि तो एकट्या स्कायकोमिशचा नाही, राज्यातल्या डिझेलच्या सगळ्याच जुन्या साइट्सचा आहे. डिझेल मोजायची राज्याची पद्धत 1997 ची. त्यात एक ऐच्छिक पायरी आहे, सिलिका जेल क्लीनअप. पाण्यातून काढलेला अर्क मशीनवर चढवायच्या आधी सिलिका जेलमधून (ओलावा शोषायच्या पुड्यांत असतात तसले दाणे) सोडायचा, ध्रुवीय संयुगं, म्हणजे ज्यांच्या रेणूत विद्युतभार असमान वाटलेला असतो ती, जेलला चिकटतात आणि निव्वळ हायड्रोकार्बन, म्हणजे डिझेलचा मूळ भाग, पुढे जातात. हेतू चांगलाच होता, जंगलातल्या जमिनीत पालापाचोळा, कुजलेलं लाकूड असतंच, त्याचे सेंद्रिय पदार्थ डिझेल म्हणून मोजले जाऊ नयेत. पण मातीतले जिवाणू डिझेल खातात तेव्हा ते एकदम नाहीसं होत नाही, मधे आम्लं, अल्कोहोलं, कीटोनं तयार होतात, तीही ध्रुवीय, पाण्यात जास्त विरघळतात आणि मूळ डिझेलपेक्षा लांब जातात. जेल लावलं की पाल्याबरोबर तीही गायब. राज्याची पिण्याच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 500 मायक्रोग्रॅम आहे, स्कायकोमिशला नदीकाठी त्याहून कडक आकडा लावला, आणि जुन्या मुरलेल्या तेलाच्या साइटवर तोच नमुना जेलशिवाय नापास आणि जेल लावून पास होऊ शकतो. बोअर तेच, पाणी तेच, फक्त रिपोर्टचा कॉलम वेगळा.

कंपन्यांची बाजू अशी की मर्यादा डिझेलसाठी ठरवली होती, त्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांसाठी नाही. मुद्दा अगदीच पोकळ नाही, कारण या तुकड्यांच्या विषारीपणाची माहिती सुटीसुटी फारशी नाहीच. पण माहिती नाही म्हणून मोजायचंच नाही हे मला तरी पटत नाही. मिनेसोटातल्या बेमिजीला 1979 ला कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली, तिथे अजून अभ्यास चालू आहे आणि तेलापासून लांबच्या भूजलात मुख्यतः हे अर्धवट कुजलेले पदार्थच सापडतात.

शेवटी 2023 मधे खात्याने सिलिका जेलवर वेगळी मार्गदर्शिका काढली. थोडक्यात, मर्यादेशी तुलना करायची तर जेल न लावलेला आकडा घ्या, जेलवाला द्यायचाच तर दोन्ही द्या, आणि पाल्याचा दोष म्हणत असाल तर स्वच्छ भागातल्या बोअरचे आकडे शेजारी ठेवून दाखवा. म्हणून जुने रिपोर्ट चाळताना आधी तळटीप बघा, जेल लावलं होतं का ते तिथेच बारीक अक्षरात असतं, आणि काही साइट्सवर मधल्या वर्षांत आलेख अचानक खाली आलेला दिसतो तो त्याच वर्षी पद्धत बदलली म्हणून तर नाही ना, हे तपासल्याशिवाय साफसफाई झाली असं धरू नका.