बैठका मोजायच्या तर पट्टा मांडीला बांधा

मनगटावरच्या पट्ट्याने ‘३०० कॅलरी’ दाखवल्या की तेवढ्या जळल्याच, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये असे सात पट्टे तपासले. त्यांतल्या सहांनी हृदयाचे ठोके चांगले मोजले. पण कॅलरीत सगळ्यात अचूक पट्टाही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यापेक्षा जे नक्की मोजता येतं ते मोजावं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की बाहेर पळणं नकोसं होतं आणि व्यायाम घरातच, जोर-बैठकांवर येतो. त्या मोजणारं यंत्र घरी बनवता येतं.

सामान थोडकं: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा सर्किट बोर्ड), एमपीयू-६०५० हा हालचाल आणि कल ओळखणारा सेन्सर, आवाज करणारा एक बझर आणि चार पेन्सिल सेल. पॉवर बँक लावू नका. यंत्र इतका कमी करंट ओढतं की बऱ्याच पॉवर बँका मध्येच आपोआप बंद होतात.

खरी मजा सेन्सरच्या पोटात आहे. जेमतेम ४ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या त्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तरंगत ठेवलेला असतो. ठोकळ्याला कंगव्यासारखे दात असतात आणि प्रत्येक दात दोन स्थिर पट्ट्यांच्या मधोमध असतो. दात आणि पट्टी मिळून कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, होतो. ठोकळा किंचित सरकला की एका बाजूचं अंतर घटतं, तिथली धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, वाढते. दुसऱ्या बाजूची तेवढ्यात कमी होते. चिप या दोहोंतला फरक मोजते. फरकच का? कारण उन्हाने चिप तापली तर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच बदलतात आणि वजाबाकीत तो बदल बराचसा निघून जातो. हे फरक फेम्टोफॅरडमध्ये, म्हणजे फॅरड या धारितेच्या एककाच्या एक हजार लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात असतात. माणसाने सिलिकॉन कोरून हे साधलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता गंमत बघा. सेन्सर टेबलावर निश्चल असला, तरी स्प्रिंगा गुरुत्वाकर्षणाने वाकलेल्याच असतात. म्हणून तो शून्य न दाखवता १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढं वाचन, दाखवतो. शून्य येतो तो मुक्तपणे खाली पडताना. म्हणजेच फार झटके बसत नसले, तर हा सेन्सर ‘खाली’ कुठे आहे ते सांगत असतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

तो मांडीला बांधा. उभं असताना मांडीच्या लांबीच्या दिशेचं वाचन साधारण १६३८४ येतं (सेन्सर ±२ जीपर्यंत मोजायला लावला, तर १ जी म्हणजे हाच आकडा). मांडी जमिनीला समांतर झाली की शून्य, मध्ये मांडी उभ्या रेषेपासून जितकी कलली त्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे. तालमीतली पूर्ण बैठक मारली, कंबर गुडघ्याखाली गेली, तर आकडा ऋण होतो! मनगटावर हे जमत नाही, कारण बैठकेत हात वेगळेच झुलत असतात.

मोजणीला उंबरठे, म्हणजे ओलांडायचे ठरावीक आकडे, दोन ठेवा. वाचन ५००० खाली गेलं तर ‘खाली’, नंतर १३००० वर आलं तरच ‘वर’ आणि एक बैठक. एकच उंबरठा ठेवला, तर तिथे पाय थरथरला की एकाच्या चार बैठका होतात. सेकंदाला ५० वाचनं घेऊन शेवटच्या दहांची सरासरी वापरा, म्हणजे झटके गळून पडतात. पूर्ण बैठकच मोजायची असेल, तर खालचा उंबरठा शून्याखाली न्या.

   

जोरांसाठी हाच पट्टा दंडावर चढवा. हात सरळ असताना दंड उभा, खाली गेलं की आडवा, त्यामुळे प्रोग्रॅम तोच चालतो. सूर्यनमस्काराला मात्र दोन उंबरठे पुरत नाहीत. तिथे पट्टा पाठीवर बांधून उभं, वाकलेलं, आडवं अशा स्थितींचा क्रम तपासावा लागतो आणि क्रम पुरा झाला तरच एक धरावा लागतो.