मूलरोमवाढ आणि कॅल्शियम संकेतन

मुळाच्या बाह्यत्वचेतील एकाच पेशीचा नळीसारखा लांबलेला भाग म्हणजे मूलरोम. शाळूचे दाणे ओल्या फडक्यात मोड येण्यासाठी ठेवले, की मुळाच्या टोकामागे दिसणारी पांढरी लव ती हीच. कोल्हापूरचा ऊसकरी ज्या ‘पांढऱ्या मुळी’ची चौकशी करतो, तिच्या शोषणाचा बराचसा भार ही लव वाहते.

मूलरोम फक्त टोकाशी वाढतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीत मिनिटाला साधारण १ ते २ मायक्रोमीटर. या वाढीला दिशा देते ते कॅल्शियम; त्याची पातळी कुठे आणि केव्हा वाढते, हाच पेशीसाठी संकेत. पेशीद्रव्यात ते एरवी फार कमी, ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास असते, कारण ते वाढले तर फॉस्फेटशी संयोग पावून साका बनेल. वाढत्या टोकाशी मात्र ते सुमारे दहापट असते. तेथील एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर पेशीभित्तीत क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करते, त्याने पेशीपटलातील कॅल्शियम-मार्ग (कॅल्शियम आत येण्याची दारे) उघडतात आणि आत आलेले कॅल्शियम त्याच विकराला पुन्हा चेतवते. या विकराचे जनुक बिघडलेल्या रोपांत मूलरोम फुगवट्याएवढेच राहतात, हे २००३ मध्ये दाखवले गेले.

असे चक्र मोकाट सुटले तर टोक फुटेल. प्रत्यक्षात वाढ मिनिटाला २ ते ४ ठेक्यांत होते आणि कॅल्शियमचा उच्चांक वाढीच्या उच्चांकानंतर सुमारे ५ सेकंदांनी येतो. म्हणजे कॅल्शियम येथे लगामही आहे: भित्ती ताणली जाते, मार्ग उघडतात, भित्ती घट्ट होते. नंतर पटलांतील प्रथिनांचे पंप जादा कॅल्शियम बाहेर किंवा रिक्तिकेत (पेशीतील साठवणीच्या पिशवीत) टाकतात.

त्यामुळे ‘कॅल्शियम घातले की मुळ्या सुटतात’ हा सरसकट समज टिकत नाही. शिरोळकडच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात कॅल्शियम मुबलकच असते. संकेत ठरतो तो जागेने आणि वेळेने. पश्चिमेकडे, शाहूवाडी-गगनबावड्याच्या जांभ्या जमिनीत, प्रश्न वेगळा आहे. तेथे पावसाने कॅल्शियम धुपते, आम्लता वाढते, विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची वाढ खुंटवते आणि लोह-ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. स्फुरद कमी पडले की अनेक वनस्पती मूलरोम लांब व दाट करतात.

सोयाबीनमध्ये रायझोबियम या, मुळांवर गाठी करणाऱ्या जीवाणूंच्या रासायनिक हाकेलाही मूलरोम कॅल्शियमनेच उत्तर देतो. पेशीकेंद्रकात ठरावीक अंतराने कॅल्शियमचे ठोके पडतात आणि गाठी बनवणारी जनुके जागी होतात. भुईमुगात मात्र हे जीवाणू मूलरोमातून न शिरता बाजूची मुळे फुटतात तिथल्या फटींतून शिरतात.