काडेपेटी, व्हॉल्व्ह ट्यूब आणि पडणारा चौकोन

हल्ली पहिली-दुसरीच्या पोरांसाठी पण रोबोटिक्सचे किट मिळतात, सगळे पार्ट बरोब्बर बसणारे, सोबत चित्रांचं पुस्तक, पोरगं अर्ध्या तासात गाडी जोडतं आणि घरचे खूश. पण त्यात डोकं लावलं कुणी? किट बनवणाऱ्याने. काही चुकायची सोयच नाही ना त्यात.

मला विचाराल तर सुरुवात काडेपेटीपासून करावी. ही आयडिया अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) ट्रक बनवत होता, 1978 मध्ये सुट्टी काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांमधल्या विज्ञान कार्यक्रमात गेला, तिथल्या बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, दिसली आणि काडेपेटीची काडी तिच्यात फिट्ट बसते हे लक्षात आलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून किती खेळणी केली त्याला गणतीच नाही, 2018 ला पद्मश्री पण मिळाली, पण मला अजून ती काडीच भारी वाटते.

माझी भाची चौथीत आहे, तिला मी नळीचे तुकडे आणि गुल खरवडलेल्या काड्या दिल्या (गुल आधी काढाच, प्लीज). तीन काड्या, तीन तुकडे, त्रिकोण झाला, दाबला तरी हलेना. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावलं की आडवा. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तिने दुसरा केला, तोही पडला. तीन बाजूंची लांबी ठरली की कोन आपोआप ठरतात, हलायला जागाच राहत नाही, चौकोनात बाजू त्याच ठेवून कोन कितीही बदलता येतात, म्हणून तर पत्र्याच्या शेडच्या कैचीत आणि रेल्वेच्या लोखंडी पुलांत त्रिकोणच त्रिकोण दिसतात. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पण गप्प बसलो. सगळ्यात अवघड काम हेच आहे, गप्प बसणं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, मधे तिरकी काडी घालू. घालायला गेली तर काडी पुरेना! पुरणार कशी, बाजू 1 तर कर्ण 1.41. मग दोन काड्या जोडून घातल्या, त्या जोडावरच वाकल्या. मग तिने चौकोनच इतका तिरका केला की एक काडी बसली, चौकोनाचे झाले दोन त्रिकोण, घट्ट एकदम, पण आता तो चौकोन दिसेना म्हणून बाईसाहेब नाराज. शेवटी खराट्याचा हीर ओढला, मापाने तोडला आणि तिरका बसवला. माप घेताना दोनदा चुकली, खराटा जरा बारीक झाला.

मग क्यूब. कोपऱ्यात तिसरी काडी घुसवायला नळीला बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं, सुई पण चालते. 12 काड्यांचा क्यूब हात काढल्याबरोबर बसला खाली. एक हीर लावला, तरी हलतोय, दुसरा, तिसरा, असं करत सहा चौकोनांना सहा लागले तेव्हा कुठे उभा राहिला. परिसर अभ्यासाचं पुस्तक वर ठेवलं, राहिलं. मग कंपासपेटी ठेवली तेव्हा एका कोपऱ्यातली नळी सटकली, आणि आता ती कोपऱ्यासाठी नळीपेक्षा घट्ट काय मिळेल ते शोधत घरभर फिरतेय.