हेल्मेट घालायचं का नाही, ही मर्जी आपल्याकडं तयार कशी झाली

सातारा-सांगलीकडं हेल्मेटचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतंच, "डोकं माझंय, घालायचं का नाही ते मी बघीन." आणि असं म्हणणारा माणूस बेफिकीर असतो असं मला कधीच वाटलं नाही, कारण तोच माणूस कोल्हापूरला निघाला की हायवेला लागायच्या आधी हेल्मेट चढवतो, आणि परत येताना ओळखीचा फाटा आला की काढून कोपरात अडकवतो. म्हणजे धोका कुठं आहे नि कुठं नाही याचा हिशोब त्याच्याकडं पक्का आहे, फक्त तो हिशोब लय जुना आहे. कुठल्या काळातला, ते बघायचं तर गाड्यांपासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडं बुलेट आली ती आधी फौजेसाठी. 1950 च्या दशकात लष्करानं ऑर्डर दिली, 1955 ला मद्रासला कारखाना सुरू झाला, आणि गावात बुलेट दिसली तर ती फौजदाराची किंवा एखाद्या मोठ्या बागायतदाराची. 1960 नंतर म्हैसूरहून जावा, मग एस्कॉर्ट्सची राजदूत. 1972 ला पुण्यातून दोन गाड्या आल्या, बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना. चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायची लोकं, लुना मात्र मास्तरांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना परवडली. आणि मग 80 च्या दशकात एम-एटी, जी आमच्या भागात दूधवाल्याचीच गाडी म्हणून ओळखली गेली, दोन्ही बाजूला कॅन आणि मध्ये माणूस. या गाड्या पळायच्या किती? लुना 50 सीसी, एम-एटी 75 च्या आसपास, त्यात दुधाचं वजन, समोर बैलगाडी, रस्ता एकपदरी आणि दोन्ही बाजूला वडाची झाडं. डोक्याला टोपी नाहीतर उपरणं, धूळ फार असली तर गॉगल. पडलं तरी गुडघं फुटायचं, कोपर सोलायचं, हळद लावून माणूस दुसऱ्या दिवशी परत डेअरीला. अगदी सगळेच असे वाचायचे असं नाही, पण एका पिढीची धोक्याची समज या वेगावर तयार झाली हे नक्की.

मग 1985 ला हिरो होंडाची सीडी हंड्रेड आणि यामाहाची आरएक्स हंड्रेड आली. पहिलीनं अॅव्हरेजची सवय लावली, दुसरीनं पिकअपची. आरएक्स शंभराला टेकायची, आणि आजही साताऱ्यात ती गाडी जपून ठेवलेली पोरं आहेत, त्यांचं प्रेम मला कळतं. 2001 ला पल्सर आली. त्याच सुमाराला सुवर्ण चतुष्कोनात पुणे-सातारा-कऱ्हाड-कोल्हापूर रस्ता चौपदरी झाला, पुढं सहापदरीचं काम निघालं. खंबाटकीला पुण्याहून येताना जुना घाट आणि पुण्याला जाताना बोगदा अशी सोय झाली, आणि त्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं एस वळण कशासाठी प्रसिद्ध आहे ते वाईपासून साताऱ्यापर्यंत कुणालाही विचारा. गाडी बदलली, रस्ता बदलला, आणि डोक्यातला हिशोब मात्र एम-एटीचाच राहिला. पोरानं आजोबांची सवय घेतली आणि गाडी घेतली 150 सीसीची.

इथं थोडं गणित सांगतोच, कारण "गावातल्या गावात कशाला" याचं उत्तर त्यातच आहे. ताशी 40 चा वेग म्हणजे साधारण 6 मीटर उंचीवरून, दोन मजल्यावरून पडल्यावर जमिनीला टेकताना जेवढा वेग येतो तेवढा. 60 ला तीच उंची 14 मीटरच्या वर जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी जवळपास उभीच असली, कुत्रं आडवं आलं, स्पीडब्रेकर दिसला नाही, माणूस नुसता कलंडला, तरी दीड मीटर उंचीवरून डोकं डांबरावर आपटताना वेग ताशी 20 च्या जवळ असतो. कवटीला तेवढं बास होतं. म्हणजे साताऱ्यात राजवाड्यावरून पोवई नाक्याला जाणं आणि सांगलीच्या विश्रामबागवरून मिरजेला जाणं यात डोक्याच्या दृष्टीनं म्हणावा तेवढा फरक नाही.

हे सगळं कुणाच्या लक्षात आलं आणि कधी, त्याचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडात रेसवाल्यांसाठी 1914 च्या आसपासच एरिक गार्डनर नावाच्या डॉक्टरनं कॅनव्हास आणि लाखेचं कडक टोपडं तयार केलं होतं, पण ते रेसपुरतं. साध्या माणसाच्या डोक्यापर्यंत विषय आला तो 1935 ला, लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला तेव्हा. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा न्यूरोसर्जन होता. त्या माणसानं विषय सोडला नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, ब्लॅकआऊटमध्ये निरोप पोचवणारे फौजी मोटारसायकलवाले भराभर मरायला लागले, केर्न्सनं त्यांच्या डोक्याच्या जखमा तपासल्या आणि 1941 ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की हेल्मेट घातलेले फार थोडे सापडले पण त्यांच्या जखमा हलक्या होत्या. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. नागरिकांना लागू व्हायला मात्र 1973 उजाडलं. म्हणजे पुरावा हातात असताना त्यांच्याकडंसुद्धा 32 वर्षं गेली.

फौजेचं नाव निघालं म्हणून सांगतो, आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घराघरात फौजी, आणि रिटायर होऊन आलेले काका भाजी आणायला निघाले तरी हेल्मेट घालून पट्टा लावून निघतात. कँटोन्मेंटच्या गेटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत, ती सवय अंगात मुरलेली असते. त्यांना कुणी मर्जी विचारली नव्हती, आणि आता मर्जीनं घालतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मर्जीचं भांडण काही आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत 1966 च्या कायद्यानं केंद्रानं राज्यांना सांगितलं की हेल्मेटचा नियम करा नाहीतर रस्त्याचा पैसा कापू, 1975 पर्यंत 47 राज्यांनी नियम केला. मग मोटारसायकलवाल्यांच्या संघटना उठल्या, आमचं डोकं आमचं स्वातंत्र्य, आणि 1976 ला संसदेनं तो दट्ट्या काढून घेतला. राज्यांनी एकामागून एक नियम सोडले आणि मरणाऱ्यांचा आकडा वर गेला. 1981 ला हॅरी हर्ट या संशोधकाचा अहवाल आला, लॉस एंजेलिसकडच्या सुमारे 900 अपघातांवर जागेवर जाऊन केलेला, त्यात हेल्मेटमुळं हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, या तक्रारींना काहीच आधार सापडला नाही. आपल्याकडं आज 2 नंबरला हीच तक्रार असते. 1 नंबरला उकाडा, आणि तो खरा आहे, मे महिन्यात सांगलीत सिग्नलला उभं राहून बघा, त्यावर मी कुणाला शहाणपणा शिकवणार नाही. पण व्हिएतनामसारख्या दमट गरम देशात 15 डिसेंबर 2007 ला सक्ती आली आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळे घालायला लागले, ते अजून घालतात. जर्मनीत तर 1980 ला दंड सुरू झाला आणि मोटारसायकल चोऱ्याच कमी झाल्या, कारण हेल्मेट न घालता गाडी पळवणारा चोर रस्त्यावर लगेच दिसायला लागला!

आपला कायदा काही कालचा नाही. 1939 च्या जुन्या मोटार वाहन कायद्यातच 1977 ला हेल्मेटचं कलम घातलं होतं, आणि सध्याच्या 1988 च्या कायद्यात ते कलम 129 म्हणून आहे, पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यात सूट आहे. आणि "डोकं माझंय" हा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय, 1988 ला अजय कानू खटल्यात, आंध्रच्या नियमाविरुद्ध, की ही सक्ती म्हणजे फिरण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. कोर्टानं सांगितलं, नाही, हा नियम माणूस सुरक्षित फिरावा म्हणूनच आहे. त्यानंतर इतकी वर्षं झाली. 2019 ला कायदा दुरुस्त होऊन दंड वाढला, तीन महिने लायसन रद्द करायची तरतूद आली.

मग सवय का लागली नाही? माझं स्पष्ट मत आहे, सक्ती आली आणि गेली, आली आणि गेली, म्हणून. 2016 ला परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली, पंपवाल्यांनी हात वर केले, काही दिवसांत विषय गुंडाळला. पुण्यात 1 जानेवारी 2019 पासून मोहीम लागली, लगेच विरोधात मोर्चे निघाले. आमच्याकडं मोहीम म्हणजे आठवडाभर नाक्यावर पोलीस, "जाऊ द्या की साहेब", पावती, आणि पुढच्या सोमवारी सगळं होतं तसं. यातनं माणूस एवढंच शिकला की हेल्मेट पोलिसासाठी असतं. म्हणून ते टाकीवर ठेवलेलं दिसतं, पोलीस दिसला की डोक्यावर. पट्टा तर लावतच नाहीत, आणि कलमात पट्ट्यानं घट्ट बसवलेलं असंच लिहिलंय, कारण मोकळं हेल्मेट पहिल्याच हिसक्याला उडून जातं आणि डोकं त्याच्यामागनं आपटतं.

याच्या उलट साडीगार्डचं बघा. मागच्या चाकात पदर-ओढणी जाऊ नये म्हणून ते गाडीला असावं असा नियम आहे, कंपनीतनं लावून येतं, त्याच्यावर कुणी कधी भांडलं नाही. 2017 ला हेडलाइट कायम चालू राहणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा समोरनं येणारा प्रत्येक जण बोटं उघडमीट करून "लाइट चालू राहिलाय" सांगायचा, वर्षभरात तेही थांबलं. 2019 पासून 125 सीसीच्या वर एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय, आणि खाली कॉम्बी ब्रेक, म्हणजे एकाच ब्रेकनं दोन्ही चाकं धरणारी सोय, तेही गुपचूप स्वीकारलं. जे गाडीत बसून आलं ते चाललं, जे माणसानं रोज उचलून डोक्यावर ठेवायचं ते अडलं. नवीन गाडीबरोबर हेल्मेट द्यायचा नियमसुद्धा आहे, ते बऱ्याच घरांत माळ्यावर पिशवीत आहे.

आणि हेल्मेट मिळायला लांब जावं लागतं असंही नाही, व्हेगाचा कारखाना आपल्या बाजूलाच बेळगावला आहे. तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली स्वस्तातली घेतली जातात. 1 जून 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, पण स्टिकर काय कुणीही चिकटवतो. खरं काम करतं ते आतलं थर्माकोल. वरचं कवच घासण्यापासून वाचवतं, थर्माकोल चेपून मार खातं आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा देतं, आणि एकदा चेपलं की परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. स्वस्तातल्या कित्येकांत त्या जागी नुसता स्पंज असतो.

जॅकेट, ग्लोव्हज, बूट हा भाग तर आपल्याकडं वेगळ्याच वाटेनं आला, रोज गाडी चालवणाऱ्यांकडून आलाच नाही. 2012 ला कास पठाराला युनेस्कोचं नाव लागलं, त्याच्या आगेमागे यवतेश्वरच्या घाटात, पसरणीत शनिवार-रविवारी पुण्याचे ग्रुप दिसायला लागले, खांद्या-कोपरात पॅड असलेली जॅकेटं, गुडघ्याला गार्ड. आपली पोरं बघायची, सेल्फी काढायची, पण मनात बसलं ते असं की हे फिरायला आलेल्यांचं सामान आहे. रोज विट्याहून सांगलीला जाऊन येणारा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह चपलेवर आणि फुल शर्टवर. त्यात ऊस चालू झाला की रात्री मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही अशा डबल ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात आणि त्यांना मागनं धडकणारा बहुतेक वेळा दुचाकीवालाच असतो. महागडं जॅकेट राहू द्या, बोटं झाकणारा बूट आणि पाठीवर चमकणारी पट्टी हे तरी परवडण्यासारखं आहे.

2022 ला देशात हेल्मेट नसलेले 50,029 जण दुचाकीच्या अपघातात गेले, हा सरकारी आकडा आहे. त्यातले 14,337 मागं बसलेले. मागं बसणारं म्हणजे बहुतेक घरात बायको, आई नाहीतर पोरगं. चालवणाऱ्याला मर्जी असते, मागच्याला बऱ्याचदा हेल्मेटच नसतं. दुरुस्त कायद्यात चार वर्षांवरच्या मुलांनाही हेल्मेट आहे, आणि त्याहून लहानांसाठी फेब्रुवारी 2023 पासून हार्नेस (मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा), हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा. शाळा सुटायच्या वेळेला कुठल्याही गेटवर उभं राहिलं तर हे किती पाळलं जातं ते दिसतं. पोराचं हेल्मेट मागितलं तर दुकानदार म्हणतात मागणी नाही म्हणून ठेवत नाही, आणि आईबाप म्हणतात मापाचं मिळत नाही.